मुदतीचा कागद

गणपतीचे एक बरे असते. तो येतानाच परतीचा दिवस ठरवून येतो. कुणाकडे दीड दिवस, कुणाकडे पाच, कुणाकडे सात, तर मंडळात अकरा. विसर्जनाच्या दिवशी कितीही जिवावर आले तरी आपण त्याला उचलतो आणि पाण्याकडे नेतो. वेळेवर निरोप दिला म्हणूनच 'पुढच्या वर्षी लवकर या' असे हक्काने म्हणता येते.

अलीकडे आपल्या मंडळात आरती झाल्यावर प्रसाद घेताना ज्या गप्पा होतात, त्यांत एक शब्द फार वेळा कानावर येतो. तो म्हणजे 'व्हिसा'. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाची सून लंडनला, कुणाचा पुतण्या जहाजावर. कुणाच्या व्हिसाला मुदतवाढ मिळाली, कुणाची अडली, कुणी मुदत संपूनही तिकडेच राहिला आणि आता ना तिथला ना इथला. हा विषय आजचा वाटतो. पण आपल्या या टिचभर गोव्याने, त्यातही पेडणे आणि डिचोली या सरहद्दीवरच्या तालुक्यांनी, मुदतीच्या कागदाचा अनुभव साठ-सत्तर वर्षांपूर्वीच घेतला आहे, आणि तोही दोन्ही बाजूंनी. यंदाच्या स्मरणिकेसाठी तोच इतिहास लिहावा असे आम्ही ठरवले.

आम्ही मूळचे पेडण्याचे. पदविका घेऊन सरकारी खात्यात लागलो आणि बदलीवर मुरगावात आलो, त्याला आता वीस वर्षे होत आली. कचेरीत दिवसभर तारखांचेच काम: अर्ज कधी आला, मुदत कधी संपते, नूतनीकरण झाले की राहिले. त्यामुळे असेल, पण घरातल्या जुन्या गोष्टी ऐकतानाही आमचे लक्ष तारखांकडेच जाते.

सरहद्द होती, पण आड येत नव्हती

पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे गेली होती. या मुलखाला इतिहासात 'नव्या काबिजादी' म्हणतात. राज्य बदलले, पण सोयरिकी बदलल्या नाहीत. पेडण्याच्या मुली आरोंदा, सातार्डा, बांदा इथे दिल्या जात आणि तिकडच्या मुली इकडे येत. दोडामार्गच्या माणसाला डिचोलीचा बाजार जवळचा होता. तेरेखोल नदीवर किरणपाणी ते आरोंदा होडी चाले. आज तिथे पूल आहे आणि दोन मिनिटांत गाडी पलीकडे जाते. तेव्हा होडीवाल्याला हाक मारावी लागे, एवढाच काय तो अडथळा. जकातीचे नाके होते, चोरटी ने-आणही होती. पण बहिणीकडे जाताना 'किती दिवस राहणार' हे सरकारला सांगण्याची रीत नव्हती.

आपले मुरगाव तर अशा ये-जा करणाऱ्यांनीच वसवले. १८८० च्या दशकात इथे बंदर झाले, कॅसलरॉकपर्यंत रेल्वे झाली आणि ती पुढे ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला जोडली गेली. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, बेळगाव इथली माणसे पोटासाठी इथे उतरली, तशी गोव्याची माणसे मुंबईला गेली. १५ ऑगस्ट १९४७ ला ही सगळी माणसे एका अर्थाने परदेशात राहू लागली. पण ते त्यांना जाणवायला आणखी सात-आठ वर्षे जावी लागली.

१९५५ ची चवथ

भारताने लिस्बनमधली आपली वकिलात १९५३ साली बंद केली. १९५४ मध्ये आणि पुन्हा १९५५ मध्ये १५ ऑगस्टला सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. १९५५ च्या सत्याग्रहात गोळीबार झाला आणि पत्रादेवीचे नाव सगळ्या देशाला ठाऊक झाले. त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात बंद झाली आणि १ सप्टेंबर १९५५ ला भारताने गोव्यातली आपली कचेरीही बंद केली. रेल्वे थांबली, मालाची ने-आण थांबली, मनीऑर्डरी थांबल्या. मुंबईत राबणाऱ्या मुलाचे पैसे पेडण्यातल्या आईला मिळेनात. यानंतर भारतात पोर्तुगालच्या हितसंबंधांची देखरेख ब्राझीलकडे आली आणि पोर्तुगालच्या बाजूला भारताच्या हितसंबंधांची इजिप्तकडे. नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचे आणि मध्ये असे लांबचे देश!

आता ये-जा परवान्यावर होऊ लागली. परवान्यावर कारण लिहिलेले असे आणि दिवसही.

आमच्या आजीचे माहेर आरोंद्याचे. तिचे लग्न १९५५ च्या उन्हाळ्यात झाले. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेरून ओझे यावे, ही आपल्या भागातली मोठी हौसेची रीत. फळे, नारळ, लाडू, करंज्या, माटोळीला बांधायचे सामान असे डोक्यावरून वाजतगाजत येते आणि सगळा वाडा बघायला जमतो. आजीचे ओझे आले नाही. घाटावर उभे राहिले तर माहेरच्या बाजूची झाडे दिसत, पण होडी बंद होती. शेजारणींनी काही बोलू नये म्हणून सासूने आपल्याच घरातले नारळ आणि करंज्या टोपल्यांत भरून, 'हे आरोंद्याचेच समज' म्हणून देवापुढे ठेवले. ही गोष्ट आजी शेवटपर्यंत सांगायची, आणि सांगताना सासूचे नाव कौतुकाने घ्यायची.

पुढे दोन वर्षांनी तिचे वडील आजारी पडले. खटपट करून आजोबांनी तिला आठ दिवसांचा परवाना मिळवून दिला. आमचे वडील तेव्हा काही महिन्यांचे होते. त्यांना घरी ठेवून ती गेली. सातव्या दिवशी वडिलांचे जास्त झाले. भाऊ म्हणाले, 'दोन दिवस थांब, कोण बघतो?' आजी थांबली नाही. मुदत मोडली आणि परतीची वाट बंद झाली तर पलीकडे तान्हे मूल होते. ती आठव्या दिवशी होडीत बसली. वडील दहाव्या दिवशी गेले. बाराव्याला तिला जाता आले नाही.

लहानपणी आम्हांला या गोष्टीचा राग यायचा. आम्ही विचारायचो, 'आजी, तू राहिली का नाहीस?' ती आरोंद्याच्या बोलीत म्हणायची, 'कागदाक माया नसता रे बाबा.' मग थोडे थांबून पुढचेही सांगायची. ती वेळेवर परतली होती, म्हणून पुढच्या वर्षी आजोबांनी पुन्हा अर्ज केला तेव्हा तिच्या नावावर काही डाग नव्हता. परवाना मिळाला आणि तिला आईला भेटता आले.

एक महिन्याची मुदत

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि आजीच्या दृष्टीने होडी पुन्हा सुरू झाली. पण याच वेळी एक वेगळीच मुदत सुरू होणार होती, जिची आठवण आज फार थोड्यांना आहे.

२८ मार्च १९६२ ला केंद्र सरकारने गोवा, दमण आणि दीव यांच्यासाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो इथे जन्मला, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कुणीही इथे जन्मले होते, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक मानला गेला. अर्ज नको, शुल्क नको. मात्र ज्याला आपले आधीचे नागरिकत्व ठेवायचे असेल, त्याने आदेश प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवायचे होते. आपल्या लोकांपैकी बहुतेकांनी काहीच कळवले नाही आणि ते आनंदाने भारतीय झाले. थोड्यांनी कळवले. त्यांत फादर मोंतेरो नावाचे एक धर्मगुरू होते.

फादर गोव्याचेच रहिवासी. त्यांनी मुदतीत लिहून दिले की आपण पोर्तुगीज नागरिकच राहणार. कायद्याने ती मोकळीक त्यांना होती. पण त्याबरोबर ते आपल्याच गावात परदेशी झाले. परदेशी म्हणून त्यांची नोंद झाली. त्यांनी राहण्याचा परवाना मागितला आणि तो १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंतचा मिळाला. ती तारीख उलटली. त्यांनी मुदतवाढ मागितली नाही आणि देशही सोडला नाही. निघून जाण्याचा हुकूम झाला, तोही त्यांनी मानला नाही. मग १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला आणि ३० दिवसांची साधी कैद व ५० रुपये दंड अशी शिक्षा झाली.

खटला लहान होता, पण मुद्दा मोठा होता, म्हणून तो गोव्याच्या न्यायालयांतून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फादरांच्या बाजूने म्हणणे असे की गोवा हा लष्कराने व्यापलेला प्रदेश आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार व्यापलेल्या प्रदेशातल्या माणसाला त्याच्या घरातून घालवता येत नाही. तेव्हा परकीयांचा कायदा आम्हांला लावू नका. २६ मार्च १९६९ ला सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिला. त्याचा गाभा असा की, लष्करी ताबा ही तात्पुरती अवस्था असते. गोवा भारतात पूर्णपणे सामील झाला तेव्हा ती अवस्था संपली आणि तिच्याबरोबर त्या कराराचे संरक्षणही संपले. फादरांनी आपण होऊन परकीय राहणे पसंत केले होते. परकीयाने परवान्याची मुदत पाळलीच पाहिजे.

मुक्तीचा आनंद ज्यांच्या घरात साजरा झाला, त्या आपल्यासारख्यांना हा निकाल बरोबरच वाटतो, आणि तो बरोबर आहेच. तरीही सरकारी कागद हाताळणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला त्यातली एक गोष्ट चटका लावते. ज्या मातीत जन्म गेला त्या मातीतही, हातातल्या कागदावर मुदत असेल तर ती तारीखच शेवटी बोलते. गाव जुने की नवे, माणूस सज्जन की दुर्जन, हे तारखेला विचारता येत नाही. निदान मुदतवाढीचा अर्ज तरी करावा लागतो.

नव्वद दिवस आणि पन्नास दिरहम

यानंतरच्या काळात परक्या कागदावर जगण्याची पाळी आपल्याच माणसांवर आली. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवस दिले. त्यांत गोव्याची पुष्कळ कुटुंबे होती. कारकून, शिक्षक, शिंपी, सरकारी नोकर. दोन-दोन पिढ्या तिथे राहिलेल्यांनी तीन महिन्यांत घर आवरले. त्यांनी कोणतीही मुदत मोडलेली नव्हती. मुदतच त्यांच्यावर येऊन आदळली.

त्याच दशकात आखाताची दारे उघडली. आखाती देशांतली राहण्याची परवानगी नोकरीला बांधलेली असते. नोकरी गेली की राहण्याचा हक्क गेला, थोड्याच दिवसांत दुसरी सोय लागली नाही तर परत. हे समजून गेलेल्यांनी घरे बांधली, बहिणींची लग्ने केली. न समजता गेलेले अडकले.

डिचोलीकडचा आमचा एक नातेवाईक असाच अडकला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातला खाणधंदा बंद पडला, तेव्हा त्याचा खाणीवरचा ट्रक अंगणात उभा राहिला आणि हप्ते सुरूच राहिले. एका मध्यस्थाने त्याला सांगितले, 'आधी भेटीच्या व्हिसावर जा, कामाचा व्हिसा तिकडे गेल्यावर होतो.' तो २०१४ साली दुबईला गेला. मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला आणि 'पुढच्या महिन्यात करू' म्हणत राहिला. भेटीच्या व्हिसाची मुदत संपली. पहिल्या आठवड्यातच तो कुठे जाऊन बोलला असता तर थोडक्यात सुटला असता. पण घरी हप्ते होते, आणि दंड वाढतो आहे हे कळत असूनही तो गप्प राहिला. तिथे असा दंड दिवसावर चालतो. आज तो दिवसाला ५० दिरहम आहे. वर्षाचे गणित करून पाहावे: अठरा हजार दिरहमांच्या वर. मजुरी करणाऱ्याने एवढे कुठून आणावेत?

मग पोलीस दिसला की गल्ली बदलायची. ताप आला तरी दवाखान्यात जायचे नाही. पगार कमी दिला तरी तक्रार करायची नाही, कारण तक्रार करायला गेलेल्याचाच कागद आधी बघतात. मुदत संपलेल्या माणसाचे खरे नुकसान हे असते. दंड नंतरचा, आधी त्याचा आवाज जातो.

२०१८ च्या ऑगस्टपासून संयुक्त अरब अमिरातीने अशा लोकांना दंडाविना परत जाण्याची सवलत दिली आणि तिची मुदत वाढवत डिसेंबरअखेरपर्यंत नेली. आमच्या नातेवाइकाने तेव्हा धीर केला. दूतावासातून प्रवासाचा तात्पुरता कागद मिळाला आणि तो परत आला. तो गेल्यानंतर जन्मलेली त्याची मुलगी तोवर अंगणवाडीत जात होती. दारात उभ्या असलेल्या माणसाला पाहून ती आईच्या मागे लपली. आजीने आठव्या दिवशी होडी पकडली होती, ती का, हे आम्हांला त्या दिवशी नीट कळले.

अशी सवलत २०२४ मध्येही सप्टेंबर ते डिसेंबर अशी मिळाली. कुवेतनेही २०१८ आणि २०२४ मध्ये अशा संधी दिल्या. पण सवलत येईल या भरवशावर राहणे म्हणजे पावसाच्या भरवशावर कर्ज काढणे.

पासपोर्ट बदलला, मुदत राहिली

मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवण्याची वाट आहे. ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात पोर्तुगालने गोव्याचे भारतातले सामिलीकरण मान्य केले, तरी ही वाट राहिली. तिचा आधार घेऊन गोव्याचे हजारो लोक इंग्लंडला गेले. स्विंडनसारख्या शहरात तर त्यांची मोठी वस्ती झाली. त्यांना वाटले, आता मुदतीची कटकट मिटली. मग ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना राहण्याच्या हक्कासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायला सांगितले गेले. पुन्हा एक तारीख.

आणि इकडे काय होते? परदेशी नागरिकत्व आपण होऊन घेतले की भारताचे नागरिकत्व त्याच क्षणी संपते. असा माणूस चवथीला पेडण्याच्या घरी येतो तो परदेशी म्हणून. २००५ च्या दुरुस्तीनंतर आलेले 'ओसीआय' कार्ड असेल तर कितीही दिवस राहता येते. नसेल तर व्हिसा लागतो आणि व्हिसाला मुदत असते. फादर मोंतेरोंचा प्रश्न, तोच, माटोळीखाली बसलेल्या माणसाचाही असू शकतो.

याची दुसरी बाजूही आपल्या अंगणात आहे. हरमल, मांद्रे, मोरजी ही पेडण्याची किनारपट्टी आज परदेशी पाहुण्यांनी भरलेली असते. आपल्यापैकी कितीतरी घरांच्या मागच्या खोल्या त्यांना भाड्याने जातात. परदेशी माणूस उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरणे हे घरमालकाचे काम आहे. 'सी फॉर्म' म्हणून आपण ते ओळखतो. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा जुना कायदा जाऊन नवा कायदा लागू झाला. त्यात व्हिसाची मुदत मोडून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ५० रुपये दंडाचा काळ गेला. भाडेकरूला चहा देताना त्याच्या व्हिसाची तारीखही विचारावी, हे आम्ही गावी गेलो की सांगतो. त्यात त्याचेही हित आहे.

मुलांना सांगण्यासारखे

ज्यांची मुले बाहेर आहेत किंवा निघाली आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी. व्हिसावर छापलेली शेवटची तारीख आणि तिथे राहण्याची शेवटची तारीख या नेहमी एक नसतात. अमेरिकेत उतरताना जी तारीख नोंदली जाते तीच खरी; ती उलटून १८० दिवसांहून अधिक राहून परतल्यास तीन वर्षे आणि एक वर्ष वा अधिक राहिल्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. युरोपच्या शेंगेन देशांत भेटीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि येण्याचा व जाण्याचा दिवसही त्यात मोजतात. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे ये-जा संगणकावर नोंदली जाऊ लागली आहे. तेव्हा शिक्का पुसट होता ही सबब चालायची नाही. भेटीच्या व्हिसावर नोकरीला पाठवणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. आणि चूक झालीच, तर पहिल्या आठवड्यात दूतावासाकडे जावे. उशीर जितका वाढतो, तितका परतीचा रस्ता लांबतो.

आमच्या आजीला यांतले काहीच ठाऊक नव्हते. तिला होडीची वेळ ठाऊक होती आणि घरी वाट बघणारे मूल ठाऊक होते. तिने वडिलांचा शेवट गमावला, पण आईची भेट राखली. पेडण्याच्या घरात आजही माटोळी बांधताना पहिला नारळ आम्ही तिच्या नावाने बांधतो. यंदा विसर्जनाच्या वेळी बाप्पाला उचलाल, तेव्हा दूरदेशी असलेल्या आपल्या मुलाला त्याच्या कागदावरची तारीख एकदा विचारा. वेळेवर निघालेल्यालाच पुढच्या वर्षी बोलावता येते.

गणपती बाप्पा मोरया!